गर्भाशयमुखाची व्हीआयए तपासणी: टेबलाच्या आधी, टेबलावर आणि टेबलानंतर

"सिस्टर, ह्या चिठ्ठीवर काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा."

ओपीडीची गर्दी ओसरल्यावर एका बाईने माझ्यासमोर चार घड्यांची चिठ्ठी धरली. आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली, आठ महिने जुनी. त्यावर ‘व्हीआयए पॉझिटिव्ह, रेफर’ एवढंच लिहिलं होतं. व्हीआयए म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावर पातळ ॲसेटिक ॲसिड लावून पांढरा डाग उमटतो का, ते नुसत्या डोळ्यांनी बघण्याची तपासणी. तपासणाऱ्या सिस्टरने काही चुकीचं पाहिलं नव्हतं. डाग होता, तो दिसला, तो लिहिला. पण गावाकडे ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द एकाच आजाराला लागतो. आपल्याला एचआयव्ही झाला, असं त्या बाईला वाटलं. आठ महिने तिने ती चिठ्ठी नवऱ्यापासून, सासूपासून, आशाताईपासूनही लपवली. पुढच्या दवाखान्यात जायचा प्रश्नच नव्हता.

तेव्हापासून नव्या एएनएमना (उपकेंद्रातल्या नर्सना) आणि सीएचओंना (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना) शिकवताना मी स्पेक्युलमपासून, म्हणजे योनीमार्ग उघडून धरायच्या साधनापासून सुरुवात करत नाही, बोलण्यापासून करते. तपासणीचं खरं काम एका मिनिटाचं आहे, बाकी सगळं त्याच्या आगेमागे आहे. हा लेख उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शिबिरात हे काम करणाऱ्या सिस्टर मंडळींसाठी आहे. घरातल्या कुणाला तपासणीला पाठवायचं असेल, तर त्यांनीही वाचायला हरकत नाही.

हे कशासाठी

गर्भाशयमुखाचा म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरात शिरतो. बहुतेक बायकांच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्यात तो मुक्काम ठोकतो, आणि मग पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलू लागतात. प्रतिकारशक्ती ठीक असेल तर त्या बदलापासून कॅन्सरपर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात. एचआयव्ही असलेल्या बाईत हाच काळ ५ ते १० वर्षांवर येतो. एवढा लांब वेळ देणारा कॅन्सर दुसरा क्वचितच असेल. तरीही २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा आजार होतो आणि ७९ हजारांहून जास्त जणी त्याने जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के बायकांनी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी करून घेतल्याचं सांगितलं. म्हणजे शंभरात दोनही नाहीत.

या विषयातलं जगात गाजलेलं काम आपल्या महाराष्ट्रात झालं आहे, हे सिस्टर मंडळींना सहसा कुणी सांगत नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचा निष्कर्ष आला: एचपीव्हीची तपासणी एकदाच केली तरी या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. त्याच अभ्यासात एकदाच केलेल्या व्हीआयएचा तसा ठळक फायदा दिसला नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत व्हीआयए केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष २०१३ चा. आणि तिथे तपासणी करत होत्या त्या डॉक्टर नव्हत्या. प्रशिक्षण दिलेल्या, साध्या शिक्षणाच्या महिला आरोग्यसेविका होत्या.

मी यातून एवढंच घेते: व्हीआयए हातावर अवलंबून आहे. हात आणि नजर तयार असेल आणि तपासणी पुन्हा पुन्हा झाली तर ती जीव वाचवते. घाईत एकदा उरकली तर रजिस्टर भरतं.

कुणाला बोलवायचं, कुणाला थांबवायचं

आपल्याकडच्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर ५ वर्षांनी तपासणी धरलेली आहे. त्रास असो वा नसो. हे ‘नसो’ समजावणं सगळ्यात जड जातं. "मला काही होत नाही, मी कशाला झोपू टेबलावर?" हा प्रश्न दिवसातून दहा वेळा येतो. माझं ठरलेलं उत्तर: "ताई, शेतात तण दिसायला लागल्यावर खुरपायचं की पीक गेल्यावर?" बायका हसतात आणि चप्पल काढतात.

पाळी चालू असेल तर पाळी संपल्यावर बोलवा. गरोदर असेल तर आत्ता नको. बाळंतपण किंवा गर्भपात झाल्यावर १२ आठवडे थांबा. पिशवी तोंडासकट काढलेली असेल आणि आधी काही दोष निघालेला नसेल तर या तपासणीची गरज नाही. पण ‘पिशवी काढली’ म्हणजे नेमकं काय काढलं, हे बाईला माहीत नसतं. कागद मागा. कागद नसेल तर बघूनच ठरवा.

पाळी गेलेल्या बायकांची गोष्ट वेगळी. ज्या रेषेवर (तोंडावरचा गुलाबी आणि लालसर भाग जिथे भेटतात तिथे) आपल्याला डाग शोधायचा असतो ती रेषा वयाबरोबर आत सरकते आणि दिसेनाशी होते. अशा बाईला ‘डाग नाही’ म्हणून घरी पाठवणं म्हणजे न बघताच पास करणं. ‘रेषा दिसली नाही’ असं स्पष्ट लिहा आणि एचपीव्ही किंवा पॅप (तोंडावरच्या पेशी घेऊन बघण्याच्या) तपासणीसाठी पुढे पाठवा.

एचआयव्ही असलेल्या बायकांना ३० ची वाट बघायला लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्यासाठी २५ पासून सुरुवात सांगितली आहे. एआरटी (एचआयव्हीच्या औषधांच्या) केंद्राच्या समुपदेशकाशी ओळख ठेवा, त्याच तारखेला दोन्ही कामं होतात.

आणि दिवस निवडताना कॅलेंडर सरकारी नको, गावाचं बघा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ते उन्हाळ्यातच परततात. नोव्हेंबरात शिबिर लावलं तर तांड्यावर म्हाताऱ्या आणि लेकरं भेटतात. तपासणी श्रावण-भाद्रपदात झाली तर डाग निघालेल्या बाईला टोळी निघायच्या आत पुढच्या दवाखान्यात नेता येतं. डिसेंबरात निघालेला डाग मार्चपर्यंत फडातच राहतो.

बोलणं, बसून

बाई अजून साडीत, खुर्चीवर बसलेली असताना बोला. टेबलावर पाय वर घेतलेल्या बाईला काहीही समजावलं तरी ती फक्त ‘हो’ म्हणते. सासू, जाऊ, नवरा सोबत असेल तर दोन मिनिटं बाहेर बसवा. "फॉर्म भरायचाय" म्हटलं की कुणी वाद घालत नाही.

मी साधारण असं बोलते: "मावशी, पिशवीला जसं तोंड असतं तसं गर्भाच्या पिशवीलाही असतं. त्या तोंडावर कधी कधी आधीच बारीक बदल सुरू होतो. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. मी आत एक साधन घालून बॅटरीने बघणार. मग कापसाने पातळ व्हिनेगर लावणार, चायनीजच्या गाडीवर बाटलीत असतं ना, तसलं. एक मिनिट थांबायचं. थोडं झोंबेल. कापत नाही, टोचत नाही, रक्त काढत नाही. दुखलं तर ‘थांबा’ म्हणा, मी थांबेन. नको वाटलं तर तपासणी करू नका, बाकीची औषधं मिळतीलच."

शेवटचं वाक्य गाळू नका. बऱ्याच बायकांना वाटतं की नाही म्हटलं तर बीपीच्या गोळ्याही बंद होतील. संमतीची सही घेण्याआधी हे वाक्य म्हटलेलं असलं पाहिजे, नाहीतर ती सही फुकट.

मग इतिहास. शेवटची पाळी कधी, बाळंतपणं किती, तांबी बसवली आहे का, अंगावरून पांढरं जातं का, वास येतो का. आणि तीन प्रश्न न लाजता, खालच्या आवाजात: संबंधानंतर लाल दिसतं का, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग पडतात का, पाळी गेल्यावर पुन्हा लाल गेलं का. यातल्या एकालाही हो असेल तर ही बाई चाळणीच्या (त्रास नसलेल्यांच्या तपासणीच्या) रांगेतली राहिली नाही. व्हीआयएत काहीही दिसो, तिला डॉक्टरांपर्यंत पोचवायचं.

लघवी करून यायला सांगा. भरल्या मूत्राशयावर स्पेक्युलम घातला की तिलाही त्रास, तुम्हालाही काही दिसत नाही.

साहित्य, आणि त्यातली ॲसिडची बाटली

टेबल, पायाच्या बाजूला आडोसा, दाराला आतून कडी, खिडकीला पडदा. कडी नसेल तर आशाताईला दारात उभं करा, आत बघत नाही अशी. कुस्कोचे स्पेक्युलम दोन-तीन मापांचे, स्पंज होल्डर, कापसाचे बोळे, सलाईन, हातमोजे, किडनी ट्रे, ०.५ टक्के क्लोरीनचं द्रावण, आणि पांढऱ्या उजेडाची चांगली बॅटरी. पिवळ्या बल्बखाली सगळंच पिवळसर दिसतं, पांढरा डागही. वीज जातेच, त्यामुळे बॅटरीचे सेल जास्तीचे ठेवा.

ॲसिड. इथे घाई करणाऱ्या सिस्टरला मी रागावते. तपासणीला लागतं ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड. स्टोअरमधून येतं ते ग्लेशियल, म्हणजे जवळजवळ शुद्ध. ते तसंच लावलं तर भाजतं, आणि भाजलेली बाई सोडा, तिची पूर्ण गल्ली पुन्हा येत नाही. ९५ मिली डिस्टिल्ड पाणी आधी मापाच्या भांड्यात घ्या, त्यात ५ मिली ॲसिड घाला. पाण्यात ॲसिड, ॲसिडात पाणी नव्हे. काचेच्या कांडीने ढवळा, बाटलीवर टक्केवारी, तारीख आणि तुमची सही असलेलं लेबल लावा. कालचं उरलेलं आज वापरू नका. उडून जातं, मग डाग असूनही पांढरा होत नाही. आणि ग्लेशियल आणि तयार द्रावण एका कपाटात, सारख्या बाटल्यांत कधीच नको.

थंडीत एक गंमत होते. ग्लेशियल ॲसिड १६-१७ अंशांखाली गोठतं. मराठवाड्यात डिसेंबरच्या सकाळी कपाट उघडलं तर बाटलीत बर्फ. एकदा एका नव्या मुलीने बाटली खराब झाली म्हणून बाजूला ठेवली आणि शिबिर रद्द करायचा फोन लावला. काही करायचं नसतं, झाकण घट्ट लावून बाटली कोमट पाण्यात उभी करा, पूर्ण पातळ झाल्यावरच मोजा. शेगडीवर मात्र नको, ते पेट घेतं.

टेबलावर

बाईला पाय दुमडून, गुडघे बाजूला करून झोपवा. कंबर टेबलाच्या अगदी कडेला. पोटावरून मांडीपर्यंत चादर, आणि तिचा चेहरा तुम्हाला दिसेल इतकीच. हात धुवा, मोजे घाला. "आता हात लागेल" असं म्हणूनच हात लावा. आधी बाहेरून बघा: फोड, जखमा, चामखीळ, खाजवल्याचे ओरखडे.

स्पेक्युलम कोमट पाण्यात बुडवा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. आडव्या दात्यांनी नव्हे, उभे ठेवून, किंचित खालच्या दिशेने हळू सरकवा. आत गेल्यावर फिरवा आणि मग उघडा. बाई आखडली तर जोर लावू नका. "बूड टेबलाला टेकवा, तोंडाने श्वास सोडा" एवढं म्हणून थांबा. खोकायला लावलं तरी स्नायू सैल पडतो. "सैल सोडा, सैल सोडा" असं वरच्या पट्टीत ओरडल्याने आजवर कुणीही सैल सोडलेलं मी पाहिलेलं नाही.

बऱ्याच बाळंतपणांनंतर, किंवा ज्यांचं अंग बाहेर येतं अशा बायकांत, बाजूच्या भिंती दात्यांच्या मधून आत लोंबतात आणि पिशवीचं तोंड झाकतात. यावर प्रशिक्षणात शिकलेली युक्ती: निरोधचं बंद टोक कात्रीने कापा आणि ते नळकांडं स्पेक्युलमच्या दात्यांवर चढवून मग आत घाला. उघडल्यावर रबर भिंतींना बाहेरच दाबून धरतं. उपकेंद्रात निरोधची कधी टंचाई नसते, झाला तर त्याचा हा एक उपयोग.

तोंड दिसलं की लगेच ॲसिडकडे धावू नका. आधी नुसतं बघा. गुलाबी, गुळगुळीत, मध्ये छिद्र, ज्या बाईला बाळंतपण झालंय तिथे आडवी फट. तांबीचा दोरा दिसत असेल तर त्याला धक्का न लावता बाजूला ठेवा, ओढू नका. पू, हिरवट-पिवळा स्राव, लालबुंद सूज असेल तर ते लिहा. डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी जंतुसंसर्गाचा उपचार, गरज असेल तर जोडीदाराचाही, आणि मग काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी.

फुलकोबीसारखी वाढ, कुरतडल्यासारखा खड्डा, बोळा लावताच भळभळणारं रक्त यातलं काहीही दिसलं तर व्हीआयए करायचीच नाही. ॲसिड बाजूला ठेवा. हे डोळ्यांनाच दिसतंय. बायोप्सीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून पाठवा.

बाकीच्यांत सलाईनच्या बोळ्याने चिकट स्राव हलक्या हाताने पुसा. मग रेषा शोधा: बाहेरची फिकट गुलाबी त्वचा आणि आतला लालसर भाग जिथे भेटतात ती. आपलं सगळं काम या रेषेपाशी आहे. ती पूर्ण गोल दिसते का, अर्धीच दिसते का, हे आत्ताच मनात नोंदवा.

आता ॲसिड. बोळा चांगला भिजवा, नुसता ओला नव्हे. पूर्ण तोंडावर टेकवून धरा, घासू नका. घड्याळात बघून पूर्ण एक मिनिट. अंदाजाने एक मिनिट कधीच होत नाही; घाईत आपलं मिनिट वीस सेकंदांचं असतं. मी भिंतीवर सेकंदकाट्याचं मोठं घड्याळ लावून घेतलंय आणि बाईला म्हणते, "तुम्हीच काटा बघा, गोल फिरला की सांगा." तिचं लक्ष तिकडे जातं, मोजणीही चोख होते.

बोळा काढा आणि उजेड सरळ पाडून बघा.

डाग आहे असं कधी म्हणायचं? पांढरा रंग दाट हवा, चुना लावल्यासारखा; कडा स्पष्ट हव्यात, बोटाने दाखवता येतील अशा; आणि तो पट्टा त्या रेषेला चिकटलेला हवा. तीनही एकत्र. फिकट, धुरकट, दुधात पाणी घातल्यासारखा पांढरेपणा; रेषेवरच उमटलेली बारीक पांढरी दोरी; रेषेपासून लांब विखुरलेले ठिपके; छोट्या पिवळसर पाणगाठींवरचा चकाकता पांढरा बिंदू, हे डाग धरायचे नाहीत. शंका आली तर कोरड्या बोळ्याने हलकेच पुसा, स्राव असेल तर निघून येईल, डाग हलत नाही. पुन्हा एकदा ॲसिड लावून एक मिनिट थांबायलाही हरकत नाही. साधा पांढरेपणा लवकर विरतो, खरा डाग रेंगाळतो.

सुरुवातीच्या काळात मला सगळीकडे डाग दिसायचे. शिकवणाऱ्या मॅडमनी एक सवय लावली: रेषेपासून सुरू करायचं, घड्याळाच्या बाराच्या आकड्यापासून एक-दोन-तीन असं गोल फिरत यायचं आणि प्रत्येक आकड्यापाशी ‘दाट? कडा? रेषेला लागून?’ असं मनात विचारायचं. आजही मी तसंच करते.

संपल्यावर कोरड्या बोळ्याने ॲसिड पुसा, आत कापूस राहिला नाही ना ते बघा, स्पेक्युलम अर्धवट मिटवत हळू काढा. पूर्ण मिटवला तर चिमटा बसतो. बाईला कुशीवर वळून उठायला सांगा आणि कपडे नीट करायला वेळ द्या. कागदावर गोल काढा, मध्ये छिद्र, डाग जिथे दिसला तिथे खूण, ‘११ ते २ वाजेपर्यंत’ असं. पुढच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना तुमच्या चार ओळींपेक्षा ते चित्र जास्त कामाचं.

साफसफाई थोडक्यात. साधनं ०.५ टक्के क्लोरीनमध्ये १० मिनिटं (१ लिटर पाण्यात ३ चहाचे चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, रोज ताजं), मग साबणाच्या पाण्यात ब्रशने, स्पेक्युलमचे स्क्रू उघडून, मग ऑटोक्लेव्ह. तो नसेल तर पाणी उकळायला लागल्यापासून पूर्ण २० मिनिटं. बोळे पिवळ्या पिशवीत, मोजे लाल पिशवीत. दोन बायकांमध्ये साधन नुसतं पुसून वापरणं कुठल्याही गर्दीत क्षम्य नाही. स्पेक्युलम १० असतील तर त्या दिवशी बायका १० च.

डाग नाही निघाला तर

"आज पिशवीचं तोंड चांगलं दिसतंय, ५ वर्षांनी पुन्हा दाखवा." पुढची तारीख मुलाच्या इयत्तेला बांधून सांगते: "धाकटा दहावीला जाईल तेव्हा." तेवढं लक्षात राहतं. दिवसभर थोडी झोंब, कपड्यावर फिकट डाग पडू शकतो, काही लावायची गरज नाही. मधल्या काळात संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर रक्त, घाण वासाचं पाणी असं काही झालं तर ५ वर्षांची वाट बघायची नाही.

याच खुर्चीत लसीचंही बोलून घ्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही भारतात तयार झालेली एचपीव्हीची लस २०२३ मध्ये आली. आईला तिच्या लेकीचं वय विचारा. ९ ते १४ या वयात लसीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. लस घेतलेल्या मुलीलाही मोठेपणी तपासणी करावीच लागते, कारण लसीत सगळ्या जातीचे विषाणू येत नाहीत. कॅन्सरपैकी साधारण ७० टक्क्यांना जबाबदार असलेल्या १६ आणि १८ क्रमांकाच्या जाती मात्र येतात.

डाग निघाला तर

आता ती चिठ्ठी आठवा.

‘पॉझिटिव्ह’ हा शब्द बाईसमोर उच्चारू नका. रजिस्टरात लिहा, रेफर चिठ्ठीत लिहा, पण तिच्याशी बोलताना ‘पांढरा डाग’ म्हणा. बाकी सगळ्यांना बाहेर पाठवा. मी साधारण असं सांगते: "ताई, पिशवीच्या तोंडावर एक पांढरा डाग दिसलाय. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. असे बरेच डाग साधे निघतात. काही डाग असे असतात की बरीच वर्षं तसेच सोडले तर बिघडू शकतात. तुमचा कुठला, ते मशीनने मोठं करून बघितल्यावर कळेल. बिघडणारा निघालाच तर तो जाळून किंवा गोठवून काढतात, पिशवी काढावी लागत नाही."

मग गप्प बसा. एक-दोन मिनिटं. ती काहीतरी विचारेल, आणि खरं समुपदेशन तिच्या प्रश्नापासून सुरू होतं.

पहिला प्रश्न बहुधा असतो: "मला हे कुठून आलं?" त्याच्या पोटात दुसरा असतो, नवऱ्याबद्दलचा. खोटं बोलू नका आणि संसारात काडीही टाकू नका. हा विषाणू संबंधातून येतो, पण तो इतका सर्रास आहे की लग्न झालेल्या बहुतेक बायका-पुरुषांना कधी ना कधी होऊन जातो, आणि बरीच वर्षं गुपचूप राहू शकतो. आज डाग दिसला म्हणून काल कुणी काही केलं असं होत नाही. हे मी नवऱ्यालाही याच शब्दांत सांगते, पण बाईने ‘सांगा’ म्हटल्यावरच.

दुसरा प्रश्न: "मग पिशवीच काढून टाकू का? कटकट नको." मराठवाड्यात काम करणाऱ्या सिस्टरला हा प्रश्न हलक्यात घेऊन चालत नाही. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण गाजल्यावर २०१९ मध्ये सरकारने समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त बायकांची माहिती घेतली तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पांढरं पाणी जातं, कंबर दुखते, ‘पुढे कॅन्सर होईल’, एवढ्यावर पिशव्या गेल्या. आपण शोधलेला डाग दुसऱ्या कुणाच्या हातातला धाक होऊ नये, म्हणून मी चिठ्ठी देताना बजावते: "कुणी ऑपरेशन करा म्हणालं तर आधी विचारा, डागाचा तुकडा तपासला का? रिपोर्ट कुठाय? आणि मला फोन करा." तरुण वयात पिशवी आणि सोबत अंडाशयही गेले की हाडं ठिसूळ होणं, अंगाच्या वाफा, झोप उडणं हे सगळं लवकर मागे लागतं, आणि कोयता तर हातातून सुटत नाही.

पुढच्या दवाखान्यात काय होईल तेही आधीच सांगून ठेवा. कॉल्पोस्कोप म्हणजे भिंग लावलेला दिवा. गरज पडली तर तांदळाएवढा तुकडा घेतात. डाग पूर्ण दिसत असेल, तोंडाच्या तीन-चतुर्थांशाहून कमी भागावर असेल, आतल्या नळीत शिरलेला नसेल आणि कॅन्सरची शंका नसेल तर भूल न देता, टेबलावरच उपचार होतो. क्रायोत ३ मिनिटं गोठवतात, ५ मिनिटं सोडतात, पुन्हा ३ मिनिटं. थर्मलमध्ये, म्हणजे उष्णतेने जाळताना, साधारण १०० अंशाचं टोक २० ते ३० सेकंद टेकवतात. मोठा किंवा आत गेलेला डाग तारेने काढतात.

उपचारानंतर घरी जाताना आपल्याकडेच येतात, तेव्हा हे सांगा: ४ ते ६ आठवडे पाण्यासारखं जाईल, कधी लालसर, ते घाबरण्यासारखं नाही. ४ आठवडे संबंध नको. आत काही घालायचं नाही, धुवायचं नाही, कुणी सांगितलेलं औषधी पाणीही नाही. ताप, घाण वास, ओटीपोटात न सोसणारं दुखणं, पाळीपेक्षा जास्त किंवा गाठीगाठींचं रक्त यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी या. संबंध टाळण्याबद्दल घरी सांगायला जड जात असेल तर मी कागदावर ‘४ आठवडे विश्रांती, सरकारी दवाखाना’ असं लिहून शिक्का मारून देते. शिक्क्यापुढे नवऱ्याचं काही चालत नाही.

रजिस्टरचा शेवटचा रकाना

फोन नंबर घेताना विचारा, "हा फोन कुणाच्या खिशात असतो?" बहुतेक वेळा नवऱ्याच्या किंवा पोराच्या. मग फोनवर काय बोलायचं हे तिच्याशी आधीच ठरवा. आमच्याकडे ठरलेलं वाक्य आहे: "दवाखान्यातून बोलतेय, रक्ताच्या रिपोर्टसाठी बोलावलंय." डाग हा शब्द नाही, तपासणी हा शब्द नाही. आशाताईचा दुसरा नंबर, माहेरचं गाव, टोळी कुठल्या कारखान्यावर जाते, मुकादमाचं गाव, एवढं लिहून ठेवलं की बाई हरवत नाही.

जिल्हा रुग्णालयात कॉल्पोस्कोपीचा वार कुठला, खोली कुठली, हे स्वतः विचारून चिठ्ठीवर मराठीत लिहा. शक्य असेल तर चार-पाच जणींना एकाच दिवशी, आशाताईसोबत पाठवा. एकटी गेलेली बाई पहिल्या खिडकीवरून परत येते. तुकड्याचा रिपोर्ट कॅन्सरचा निघालाच, तर रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राला भेटायला सांगा. लवकरच्या टप्प्यात हा कॅन्सर बराही होतो.

माझ्या रजिस्टरात छापील रकान्यांनंतर पेनाने आखलेला एक रकाना आहे: ‘पोचली का?’ त्यात तारीख पडेपर्यंत ते नाव लाल शाईत राहतं. महिनाअखेरीला मी आकडे पाठवते त्यात हा रकाना नसतो, तो कुणी मागतही नाही. दर शनिवारी दुपारी, लसीकरणाची बॅग धुऊन झाली की मी लाल नावं वाचते आणि फोन लावते. त्या चिठ्ठीवाल्या बाईचं नाव त्यात तीन आठवडे लाल होतं. डाग साधा निघाला. ती आता दर तपासणीच्या दिवशी वस्तीवरच्या दोघी-तिघींना घेऊन येते, दारात बसते, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकीला सांगते, "काटा बघायचा, झोंबतं थोडं."